बॅटरी नवी, तरी गाडी बंद: माझा अनुभव

बॅटरी बदलून पाचच दिवस झाले होते. साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्यात हेडलाइट पिवळे पडले, आणि शिरवळच्या अलीकडे गाडी बंद. मुलं मागे झोपलेली.

राग आहे तो वर्कशॉपचा. बॅटरी बदलली त्या दिवशी सकाळी गाडी सुरू होत नव्हती म्हणून दहाला तिथे नेली आणि साडेचारपर्यंत बाकावर बसलो. "एकदा चार्जिंग मोजा," असं सांगायला तीनदा काउंटरवर गेलो. तिन्ही वेळा एकच उत्तर: "सर, बॅटरी चार वर्षांची झालीय, तीच गेली असणार." व्होल्टेज मोजायचा मीटर कुणी लावलाच नाही. नवी बॅटरी बसवली आणि बिल हातात दिलं. घात होतो तो इथेच. नवी बॅटरी भरलेली असते, त्यामुळे अल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा भाग, मेला तरी काही काळ गाडी सुरळीत चालते.

शिरवळच्या वायरमनकाकांना दोन मिनिटं लागली. मीटर डीसी 20 व्होल्टवर, लाल वायर प्लसला, काळी मायनसला. इंजिन बंद असताना 11.4 व्होल्ट. भरलेल्या बॅटरीला 12.6 च्या आसपास हवेत. जंपर केबलने दुसऱ्या बॅटरीचा करंट देऊन गाडी चालू केली, केबल काढली, तर 11.8, आणि आकडा उतरतच होता. चालू इंजिनवर 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. "दादा, बॅटरी एकटीच सगळं ओढतेय," काका म्हणाले. अल्टरनेटरचे कार्बन, म्हणजे आतले घासणारे ब्रश, झिजले होते. ते बदलल्यावर 14.2, हेडलाइट, ब्लोअर, काच गरम करायचं बटण सगळं लावूनही 13.9. तो आकडा बघून जिवात जीव आला.

काही नव्या गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो, तिथे आकडा मध्येच खाली येतो. हेडलाइट, ब्लोअर लावून पुन्हा बघा.

चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. व्होल्टेज एकदम उसळून ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, जळू शकतो.

आणि हो, मीटरच्याही आधी अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट बघा. सैल किंवा चिरलेला असेल तर अल्टरनेटर चांगला असूनही चार्जिंग होत नाही.

मीटर नसेल तर किल्ली फिरवून डॅशबोर्ड बघा. बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू होताच विझला पाहिजे. माझा तर किल्ली फिरवल्यावरही लागत नव्हता. बल्बच गेला होता, आणि साडेसहा तासांत तेही कुणी पाहिलं नव्हतं.