पोरं आपोआपच बोलतात की!

बारशाला गेले की हा प्रश्न ठरलेला. एका हातात पाळण्याची दोरी, दुसऱ्या हातात घुगऱ्यांची वाटी, आणि कुणीतरी मावशी विचारतेच, "तू ते लहान पोरांच्या बोलण्याचं काहीतरी शिकलीस म्हणे? पोरं काय, आपोआपच बोलतात की! त्याचा कसला अभ्यास करायचा?" खानापूरच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलंय. बँकेत पासबुक छापून देणाऱ्या साहेबांनी विचारलंय, तेही मागं रांग असताना. आता तुम्हीही विचारलंत म्हणून बसून लिहायला घेतलं. सांगते.

'सांगते' हे लिहिताना. बोलताना मी 'सांगतो'च म्हणते. बेळगावात आम्ही बायका 'मी येतो', 'मी जेवलो' असंच बोलतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. भाषाशास्त्र शिकायला पुण्याला गेले तेव्हा हॉस्टेलच्या पहिल्याच रात्री "मी झोपतो आता" म्हटलं आणि खोलीभर हशा पिकला. आठवडाभर मी तोंड मिटून होते. कन्नडात पहिल्या पुरुषाच्या क्रियापदाला लिंग नसतंच. 'नानु बर्तीनि', म्हणजे 'मी येतो', बाईनंही म्हणायचं आणि बाप्यानंही. शेजारधर्मात एकमेकींच्या घरची भांडी इकडंतिकडं होतात, त्यातलं हे एक भांडं असावं असं मला वाटतं. पण त्या रात्री हे कुठं माहीत होतं? आपण चुकतो एवढंच कळलं.

तर पुतणीपासून सुरू करते. बेळगावातल्याच शहापुरात आमचं जुनं घर आहे, भावाची मुलगी चिमी तिथं वाढते. दोन वर्षांची असताना ती 'बाबा गेला' म्हणायची. अगदी बरोबर. पावणेतीनच्या सुमाराला एके दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "बाबा जाला." मग 'आजीनं चा करला', 'झुरळ मरलं', सगळीकडं तेच. आई काळजीत पडली. "आधी बरी बोलत होती, आता बिघडली. अंगणवाडीत कोण शिकवतंय बघ जरा."

कुणीच शिकवत नव्हतं, हीच तर गंमत. 'जाला' आमच्या घरात कुणी म्हणत नाही, गल्लीत म्हणत नाही. ऐकूनच शिकायचं असतं तर हा शब्द तिच्या तोंडी येतो कुठून? 'गेला' हा तिनं आधी अख्खा उचललेला होता, 'जा'शी त्याचं काही नातं आहे हे माहीत नसताना. मग बसला, पडला, हसला, रडला असं शेकडो वेळा ऐकून तिला आतल्या आत एक नियम सापडला आणि तो तिनं सरसकट लावला. 'जाला' तिचा स्वतःचा, घरी घडवलेला. बिघडली नव्हती, एक पायरी वर चढली होती. इंग्रजी बोलणारी पोरंही त्यांच्या भाषेत याच वयात हाच उद्योग करतात.

आई म्हणाली, "मग चूक दाखवायची नाही का?" म्हटलं, दाखव.

"चिमे, जाला नाही म्हणायचं. बाबा गेला म्हण."

"हो, गेला. मामा पण जाला."

आईनं कपाळाला हात लावला. 1957 साली मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी भाषा म्हणजे शाबासकीनं पक्की होणारी सवय, असा सिद्धांत मांडला आणि 1959 साली भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी त्यावर सडकून टीका केली. मूल जन्मताना सोबत काय आणतं आणि ऐकून काय मिळवतं, हे भांडण तेव्हापासून चालू आहे. आईला मी यातलं काही सांगितलं नाही. 'मामा पण जाला' एवढ्यावरच तिला अर्धं कळलं होतं.

1958 साली जीन बेर्को या अमेरिकन बाईंनी एक साधी युक्ती केली. पाखरासारखं एक चित्र काढलं, त्याला 'वग' असं कुठल्याच कोशात नसलेलं नाव दिलं. मुलांना विचारलं, आता अशी दोन झाली, तर ही दोन काय? मुलांनी बिनदिक्कत 'वग्ज' म्हणून सांगितलं. जो शब्द जन्मात ऐकला नव्हता त्याचं अनेकवचन त्यांना येत होतं.

मी ते आमच्या गल्लीतल्या पोरांवर करून बघितलं. ओसरीवर बसून पाटीवर एक टोपी घातलेला पक्षी काढला. नाव ठेवलं टिबा. शेजारी दुसरा काढला. "हा एक टिबा. आता हे दोन...?" चार वर्षांच्या पोरानं माझ्याकडं 'हे काय विचारणं झालं' अशा नजरेनं बघितलं. "दोन टिबे." गुमी नावाची एक मासोळी काढली, तर "दोन गुम्या". आकारान्त, ईकारान्त हे शब्द त्याच्या बापालाही माहीत नसतील.

मग सहा वर्षांचा एक मुलगा आला, घरी कन्नड बोलणारा. मी माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडात विचारलं. तो म्हणाला, "एरडु टिबा." एरडु म्हणजे दोन. मी परत विचारलं. परत "एरडु टिबा". वहीत त्याच्या नावापुढं फुली मारली. रात्री भांडी घासताना लक्षात आलं, अगं, बोलीतल्या कन्नडात आकडा आला की पुढं अनेकवचन करायची गरजच नसते. 'एरडु पुस्तक', 'एरडु बाळेहण्णु'. पोरानं त्याच्या भाषेचा नियम तंतोतंत पाळला होता आणि मी त्याला माझ्या भाषेच्या फुटपट्टीनं नापास करून मोकळी झाले होते. ओल्या हातानं वही काढून फुली खोडली. तिथं पान जरा फाटलंय.

शिकून आलेल्या बाईची ही तऱ्हा. आमच्या भागात असल्या फुल्या रोज पडतात, त्या कोण खोडणार?

आमच्या शेजारी एक अज्जी राहतात. त्यांना मराठी समजतं पण बोलत नाहीत. माझ्या आईचं कन्नडाच्या बाबतीत तेच. दोघी वीस वर्षं आपापल्या भाषेत भांडतात आणि लोणच्याच्या बरण्यांची देवघेव करतात. चिमी दिवसभर अज्जींकडं. तिथं 'हालु बेकु' म्हणते आणि उंबरा ओलांडून आमच्याकडं आली की 'दूध पाहिजे'. समोर कोण आहे ते बघून भाषा बदलायची, हे तिला तिसऱ्या वर्षी येत होतं. कधी घाईत असली तर 'मला हालु बेकु' म्हणायची. पाहुणे लगेच म्हणत, "गोंधळली बघा पोरगी."

पण जरा जवळून बघा. कन्नडात 'ननगे हालु बेकु', मराठीत 'मला दूध पाहिजे'. ज्याला हवं असतं तो दोन्हीकडं 'मी' नसून 'मला'. आपला 'ला', तिथला 'गे'. शब्दांची रांगही तीच. म्हणजे पोरीनं सांधा जिथं बरोबर बसतो तिथंच जोड दिला. 'मी हालु बेकु' असं ती कधी म्हणाली नाही, निदान माझ्या वहीत तरी नाही. गोंधळलेल्या माणसाला इतकं नेमकं जमत नाही.

आणि हे सांधे आजचे नाहीत. 'येतो म्हणून सांगितलं' याला कन्नडात 'बर्तीनि अंत हेळिदा'. आपलं 'म्हणून' निघालं 'म्हण'पासून, त्यांचं 'अंत' निघालं 'अन्नु'पासून, आणि त्याचाही अर्थ म्हणणं असाच. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 साली सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडविषयी लिहिलं. तिथं मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू शतकानुशतकं एकाच गावात नांदत आल्या. शब्द ज्याचे त्याचे वेगळे राहिले, पण वाक्यांची ठेवण इतकी सारखी झाली की एका भाषेतलं वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून करता येतं. पिढ्यान्‌पिढ्या असंच बोलणं कानावर घेत पोरं तिथं वाढली असणार. भाषाशास्त्राच्या पुस्तकात जगभरची मुलं ज्या गावाबद्दल वाचतात ते आमच्यापासून काही तासांवर आहे, आणि इकडं आम्ही पोरांना 'धेडगुजरी बोलू नको' म्हणून दटावतो.

आता दुसरी बाजू. ही सांगायला मला जड जातं.

माझ्या मावसभावाचं घर निपाणीचं, मराठी. बायको गोकाककडची, माहेरचं कन्नड. त्यांचा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. ज्यांच्याकडं दाखवलं त्यांनी तपासणी न करताच सांगितलं, "घरात दोन भाषा आहेत, पोर गोंधळलंय. एकच भाषा बोला." मग वहिनीनं कन्नड सोडलं. तिला मराठी येत होतं, बाजारहाट करण्यापुरतं चांगलं येत होतं, पण पोराशी लाडानं बोलायचं मराठी तिच्याकडं नव्हतं. 'पुट्टा', म्हणजे आपलं 'बाळा', जिभेवर यायचं आणि ती गिळायची. मांडीवर पोराला घेऊन गप्प बसलेली ती मला अजून दिसते.

मी तेव्हा नुकती एमए झालेली. दोन भाषांनी मूल मागं पडत नाही हे मला पाठ होतं, आणि तसं मी ठणकावून सांगितलंही: तू कन्नड बोल, काही होत नाही, पोरगे उशिरा बोलतात. यातला पहिला भाग बरोबर होता. पण दोन भाषांनी उशीर होत नसेल, तर मग उशीर कशानं झालाय, हे विचारायचं मला सुचलं नाही. कान तपासा हे दोन शब्द मी बोलले नाही. ते माझ्या खात्यात.

सव्वातीन वर्षांचा झाल्यावर बेरा टेस्ट, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, झाली. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. यंत्रं बसवली त्या संध्याकाळी कुकरची शिटी झाली आणि पोरगं दचकून आईला बिलगलं. वहिनी गॅस बंद करायचा सोडून रडत बसली. आणि त्याला "पुट्टा, पुट्टा" म्हणत राहिली.

या वयात एकेक महिना किती मोलाचा असतो, ते अभ्यास झाला म्हणून कळलं. 1984 साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतला 'ट' आणि 'त' ऐकवला. इंग्रजीत असा फरक नाही, त्या बाळांच्या आईबापांना तो धड ऐकूही येत नाही. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना तो ओळखता आला. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांचा सुटला. पहिला शब्द फुटायच्या आधीच कान घरच्या भाषेचा होऊन जातो. ज्याच्या कानावर तेवढ्यात काही पडलंच नाही, त्याचं काय होत असेल?

म्हणून तर जन्मल्यापासून महिन्याच्या आत कानांची चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार सुरू, असा दंडक जगभर मानतात. ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीला हुंकार देतात, त्यामुळं घरच्यांना शंका येत नाही. 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरांची माळ मात्र त्यांच्याकडून उशिरा येते. तिकडं कान द्या. आणि दोन वर्षांच्या पोराला पन्नासेक शब्द येतात का, दोन शब्द जोडतं का हे बघायचं असेल, तर आमच्याकडं दोन्ही भाषांतले मिळून मोजा. वीस मराठी आणि तीस कन्नड म्हणजे पन्नासच झाले. मराठीतले वीस मोजून रडत बसू नका.

धडधाकट पोराला ठोंब्या ठरवायचं आणि ज्याला खरंच मदत हवी त्याला 'बोलेल की' म्हणून घरी बसवायचं, या दोन्ही चुका इथं एकाच कारणानं होतात. कुठलं वळण वाटेतलं आहे आणि कुठं वाट चुकलीय, हे कुणाला ओळखता येत नाही.

सीमाप्रश्नावर मी काही बोलणार नाही, ते बोलणारे पुष्कळ आहेत. राज्यघटनेच्या 350-अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं म्हटलंय. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलाची मातृभाषा कोणती हे ठरवायचं पालकांनी, सरकारला माध्यम लादता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीनं ठीकच आहे. पण शाळेच्या अर्जावर मातृभाषेपुढं एकच रकाना असतो. भावानं तिथं मराठी लिहिलं, मीही तेच लिहिलं असतं. अज्जींना हे कळल्यावर त्या दोन दिवस चिमीशी कन्नडात बोलल्या नाहीत. काहीच बोलल्या नाहीत म्हणा ना. तिसऱ्या दिवशी हाक आली, "चिमी, बा इल्लि."

चिमी आता सहाची आहे. परवा जेवताना म्हणाली, "बाबा बेळगुंदीला गेला." मी घास थांबवून ऐकलं. 'जाला' कधी गेलं ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. वही काढून बघितली, शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली: 'पाऊस येला.' त्यानंतर माझीच टिपणं थांबली होती.

भाऊ आमटी वाढून घेत म्हणाला, "बघ, आपोआपच झालं की."