करडी बांबू मुशी: ओळख, अंडी आणि परत सोडताना

पाटीत सगळी मुशी (लहान शार्क) एकाच भावाची म्हणून एकत्र पडते, त्यामुळे करडी बांबू मुशी (शास्त्रीय नाव किलोसिलियम ग्रिसियम) सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. म्युलर आणि हेन्ले या शास्त्रज्ञांनी १८३८मध्ये तिची नोंद केली. अरबी समुद्रापासून इंडोनेशियापर्यंत, किनाऱ्यालगतच्या तळाशी ती राहते. लांबी जास्तीत जास्त ७७ सेंटीमीटर.

ओळखायला आधी तोंड बघा. नेहमीच्या चपट्या नाकाच्या मुशीचं तोंड नाकाखाली मागे असतं. हिचं डोळ्यांच्या बरंच पुढे, जवळजवळ टोकाला. नाकपुड्यांशी दोन आखूड मिश्या, तिथून तोंडापर्यंत खाच. पाठीवरचे दोन्ही पर बरेच मागे सरकलेले आणि जवळपास सारख्या आकाराचे. पोटाखालचा शेवटचा पर लांबट, बुटका, शेपटीला जवळजवळ चिकटलेला.

रंगावर मात्र विसंबू नका. पिल्लांच्या अंगावर रुंद गडद पट्टे असतात, मोठी झाली की ते पुसट होत जातात. एकाच जाळ्यातल्या पट्टेवाल्या आणि साध्या मुशीला दोन जाती समजायची चूक इथूनच होते. उलट अंगभर ठिपके आणि दोन्ही कुशींवर कंगोरा दिसला तर ती सडपातळ बांबू मुशी, म्हणजे किलोसिलियम इंडिकम. पाठीच्या मधोमध ठळक कंगोरा आणि पाठीवरच्या दुसऱ्या पराचा बुंधा पहिल्यापेक्षा लांब असेल तर अरबी बांबू मुशी.

डोळ्याखाली मोठं भोक दिसेल. तळाशी पडून असताना ही मुशी त्यातूनही पाणी आत ओढते, कल्ल्यांतून पाणी वाहतं ठेवायला तिला सतत पोहावं लागत नाही. डेकवर टाकल्यावरही ती बराच वेळ तगते. म्हणून हिला परत सोडण्यात अर्थ आहे. एक हात छातीच्या परांमागे, दुसरा शेपटीच्या बुंध्याखाली; शेपटीला धरून लोंबकळवू नका, पोटातले अवयव स्वतःच्याच वजनाने ओढले जातात. तात्पुरतं ठेवायचं तर समुद्राच्याच पाण्यात. गोड्या पाण्याच्या बादलीत टाकलीत तर मेलीच म्हणा: तिच्या रक्तात युरिया भरलेला असतो, त्यामुळे पाणी झपाट्याने अंगात शिरतं.

अंड्यांची गोष्ट वेगळी. तपकिरी, कातड्यासारख्या लांबट पिशव्या, कडेला धागे. त्या धाग्यांनी त्या तळाला अडकतात. जाळ्यात आल्या की कचरा म्हणून झटकल्या जातात, आणि नेमकं हेच टाळायला हवं. अंधारात मोबाइलचा टॉर्च पिशवीमागे धरा. पिवळा गोळा दिसला आणि शेजारी दोऱ्यासारखं काही वळवळलं, तर आत जीव आहे. पण घाई नको, क्षणभर काहीच हललं नाही म्हणून मेलं असं समजू नका. याच कुळातल्या तपकिरी पट्ट्यांच्या बांबू मुशीचे भ्रूण भक्षकाच्या अंगातून निघणाऱ्या विजेची चाहूल लागली की श्वासासकट सगळं थांबवतात, हे २०१३च्या प्रयोगात दिसलं. आतलं पाणी दुधाळ, बलक फुटलेला आणि वास येत असेल तर अंडं गेलेलं. हलकी, कडेला उघडलेली पिशवी म्हणजे पिल्लू केव्हाच निघून गेलं, साधारण १२ सेंटीमीटरचं होऊन.

जिवंत अंडं उन्हात ठेवू नका, पिशवी कापून बघू नका. बलक संपायच्या आत बाहेर काढलेलं पिल्लू सहसा जगत नाही. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत ही जात असुरक्षित गटात आहे, मुख्यतः ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढत नेलेल्या जाळ्यांमुळे. मोठी मुशी बाजारात दोन पैसे तरी देते, पिशवीला गिऱ्हाईकच नाही. जिवंत पिशवी ओल्या गोणपाटात ठेवा, आणि पुढचं जाळं टाकायच्या आधी पाण्यात सोडा.