चौथा हिस्सा

नागपूरच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचे दावे बापाकडून लेकाकडे वारशाने गेलेले मी पाहिले आहेत. त्यामुळे शहराच्या महाल भागातील दोन भाऊ आणि त्यांची बहीण, आपसांत ठरलेली वाटणी लिहून घेण्यासाठी माझ्याकडे एकत्र आले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. वडील मृत्युपत्र न करता गेले होते. घर थोरल्याला, काटोलजवळचा संत्र्याचा बगीचा धाकट्याला आणि बहिणीला दोघांकडून रोख रक्कम, असे ठरले होते. आई सोबत आल्या होत्या. वाटणीत मात्र त्या कोठेच नव्हत्या.

संपत्ती वडिलांची स्वकष्टार्जित होती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिच्यात विधवा, मुलगे आणि मुलगी यांचा हिस्सा सारखा, म्हणजे येथे प्रत्येकी एक चतुर्थांश. वारसांनी याहून वेगळे ठरवायला हरकत नसते, परंतु ज्याला कमी मिळणार आहे त्याने आपला हक्क किती हे जाणून होकार द्यायला हवा. धाकट्याने ‘पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेऊ’ असे सुचवले. हा सल्ला देणाऱ्यांचा मला संताप येतो. आधीच तोंडी झालेल्या वाटणीचे केवळ स्मरणार्थ केलेले टिपण नोंदणीशिवाय चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये मान्य केले आहे. पण ज्या कागदानेच स्थावराची वाटणी होते तो नोंदवावाच लागतो, नाहीतर आखीव पत्रिकेवर, म्हणजे शहरातील मिळकतीच्या सरकारी नोंदीवर, नाव चढवताना सारे अडून बसते. मुद्रांक शुल्क सर्वांत मोठा हिस्सा वगळून उरलेल्यांवर बसते, हे कळल्यावर धाकटा नोंदणीला तयार झाला.

मुलांना बाहेर बसवून मी आईंना त्यांचा चौथा हिस्सा समजावून सांगितला. संत्र्याच्या आंबिया बहाराविषयी त्यांनी एवढेच विचारले, “यंदाचा आंबिया कोनाले?” पती गेल्यानंतर झाडांच्या पाण्याची पाळी त्यांनीच सांभाळली होती. हिस्सा मात्र नको म्हणाल्या. “माह्या नावावर ठेवला तं पोरं तुटतीन, बाई.”

शेवटी मी दोन कलमे घातली: समोरच्या खोलीत त्यांनी हयातभर राहावे, आणि यंदाच्या आंबिया बहाराचे उत्पन्न त्यांचे असावे. पहिले कलम थोरल्याला रुचले नाही. बहिणीने त्यापोटी आपली रक्कम कमी करून घेण्याची तयारी दाखवली, तेव्हा तो गप्प झाला.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आईंचा अंगठा यंत्र घेईना. कामाने बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. दोन ओळखदार उभे करून दस्त नोंदवला. ‘समजून-उमजून, स्वखुशीने’ हे शब्द मीच लिहिले होते आणि मीच त्यांना वाचून दाखवले. हिस्सा त्यांना समजला होता, याची मला खात्री आहे. तो सोडणे खुशीचे होते की धास्तीचे, हे मी आजही ठरवू शकलेले नाही. दस्ताची एक प्रत मी त्यांच्या हाती वेगळी दिली. त्या वर्षीचा आंबिया कोणी विकला, हे मला कळलेले नाही.