हनुवटीवरची खूण

जुने फोटो दुरुस्त करणं हे माझं काम. फाटलेले, बुरशी चढलेले, फ्रेमच्या काचेला चिकटून बसलेले, पाकिटात घडी पडून नेमकी चेहऱ्यावरून चीर गेलेले. लोकांना वाटतं सगळा वेळ कॉम्प्युटरसमोर जात असेल. निम्मा वेळ फोटो काचेपासून सोडवण्यात आणि मऊ ब्रशने धूळ काढण्यात जातो. उरलेल्यातला बराचसा, जे फोटोत नाहीच ते मी आणू शकत नाही, हे लोकांना समजावण्यात.

सप्टेंबर 2025 पासून ते समजावणं बंद पडलं. गूगलने 26 ऑगस्टला जेमिनी या आपल्या एआय अ‍ॅपमध्ये चित्रं बनवणारं नवं मॉडेल दिलं. अधिकृत नाव जेमिनी 2.5 फ्लॅश इमेज. पण त्याआधी एलएम अरीना या साइटवर ते चाचणीसाठी निनावी उतरवलं होतं, तेव्हाचं 'नॅनो बनाना' हे टोपणनाव लोकांना आवडलं आणि तेच राहिलं. आधी सगळ्यांनी स्वतःच्या बाहुल्या केल्या: टेबलावर उभा छोटा पुतळा, मागे त्याचा खोका. मग आपल्याकडे साडीची लाट आली. शिफॉनची साडी, वाऱ्यावर पदर, केसांत फूल, मावळतीचा उजेड. त्यातच एका मुलीने दाखवलं की चित्रातल्या तिच्या हातावर तीळ आलाय. तो खरोखर तिच्या हातावर आहे, पण तिने दिलेल्या फोटोत दिसतच नव्हता. झालं, यंत्राला आपलं सगळं माहीत आहे म्हणून लोक धास्तावले. माझ्या टेबलावर मला रोज याच्या बरोबर उलट दिसतं. यंत्राला काहीच माहीत नसतं, आणि तरी ते थांबत नाही.

तिसरी लाट तेवढी गाजली नाही, पण माझ्या पोटावर येणारी तीच. आजोबांचा धूसर फोटो टाका, 'स्पष्ट कर, रंग भर' म्हणा. लोक फोन पुढे करून म्हणतात, "दादा, दुरुस्त झालाय, फक्त प्रिंट काढा." सुरुवातीला माझ्याकडे एक सोयीस्कर उत्तर होतं. ती चित्रं साधारण 1024 पिक्सेलची. बारा बाय अठरा इंचाचा प्रिंट नीट हवा तर 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात. ओढूनताणून मोठं केलं तर डोळे मेणाचे दिसतात. नोव्हेंबरमध्ये गूगलचंच नॅनो बनाना प्रो आलं, ते 4के चित्र देतं. तेही उत्तर गेलं.

तर एक ताई या दोन मॉडेलांच्या मधल्या काळात आली. पंचेचाळीसच्या पुढची. फोनमध्ये एका बाईचा चेहरा होता. समोर पाहणारा, शांत, गाल तुकतुकीत, नाकात नथ. कुठल्याशा अ‍ॅपमधून केलेला. "माझी आई," ती म्हणाली. रील टाकलं होतं, भरपूर लाइक आले होते. आता भिंतीवर लावायला मोठा प्रिंट हवा होता.

मूळ फोटो पाहिल्याशिवाय मी प्रिंट काढत नाही. बहुतेक लोक यावर वैतागतात. हिने मात्र बरोबर आणला होता, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये धरून. लग्नातला समूह फोटो, काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा. आई दुसऱ्या रांगेत, कडेपासून दुसरी. चेहरा करंगळीच्या नखापेक्षाही लहान, जेमतेम सहा मिलिमीटर. आई गेली तेव्हा ताई दीड वर्षाची होती, आणि आईचा असा हा एकच फोटो. "मी तिला पाहिलेलंच नाही ना," ती म्हणाली. "आता रोज बघते."

मी म्हणालो, मूळ फोटो ठेवून जा, स्कॅन करून सांगतो. ठेवताना तिचा हात पुठ्ठ्यावरून लवकर सुटला नाही.

आता थोडं माझ्या कामाविषयी, कारण ते कुणी विचारत नाही. हा फोटो दाणेदार सिल्क कागदावर होता, मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक नक्षी असलेल्या. त्या काळी असा कागद भारी समजला जायचा. स्कॅनर त्यावर उजेड एका बाजूने टाकतो, म्हणून प्रत्येक दाण्याची सावली पडते आणि सहा मिलिमीटरच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण असल्यासारखं दिसतं. सॉफ्टवेअरने दाणे पुसले तर त्यांच्यासोबत डोळेही पुसले जातात. उपाय कंटाळवाणा आहे. एक स्कॅन सरळ, दुसरा फोटो उलटा फिरवून. दुसरा पुन्हा सरळ करून पहिल्यावर अचूक बसवायचा आणि दोन्हींची सरासरी काढायची. एकात सावली जिथे उजवीकडे तिथे दुसऱ्यात डावीकडे, त्यामुळे त्या एकमेकींना खातात आणि चेहरा तसाच राहतो. हे केशाएवढंही सरकलं तर सगळं धुरकट. मी त्यावर संध्याकाळ घालवली आणि ते सुरेख जमलं होतं, हे कुणी सांगणार नाही म्हणून मीच सांगतो. स्कॅन 1200 डीपीआयचा, म्हणजे इंचाला 1200 ठिपके. त्यापुढे 2400 ला नेलं तर फाइल चौपट होते आणि कागदाचे रेषे तेवढे दिसतात. आईचा चेहरा वाढत नाही.

मग लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, आणि टॉर्च. हे स्क्रीनवर कळत नाही, मूळ कागद हातातच लागतो. उजेड अगदी तिरका टाकला की फोटोच्या पृष्ठभागावरची इजा चमकते: ओरखडा, उडालेला थर, बुरशी. चित्रातच असलेली रेघ चमकत नाही, कारण तिथे पृष्ठभाग शाबूत असतो.

नाकाशी पांढरा ठिपका होता. तिथे थर उडून खालचा कागद दिसत होता. बुरशीने खाल्लेला भाग. अ‍ॅपने त्याची नथ केली होती.

हनुवटीवर डावीकडे एक तिरकी, फिकट रेघ होती. टॉर्च फिरवून फिरवून पाहिलं, चमकली नाही. म्हणजे ती फोटोत होती, बाईच्या हनुवटीवर होती. जुनी जखम. अ‍ॅपने ती ओरखडा समजून पुसली होती.

बुरशीचा दागिना झाला आणि बाईची खरी खूण कचऱ्यात गेली. यंत्र वाईट आहे म्हणून हे होत नाही. त्याने लाखो चेहरे पाहिलेत, आणि दिलेल्या डागांत सगळ्यात सहज बसेल असा चेहरा ते बसवतं. 2020 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांचा 'पल्स' नावाचा प्रोग्रॅम आला होता; त्याला बराक ओबामांचा अगदी मोजक्या पिक्सेलचा फोटो दिला तर त्याने एक गोरा माणूस काढून दिला. तेव्हा सगळे हसले, कारण ओबामा कसे दिसतात ते जगाला माहीत आहे. 2023 मध्ये रेडिटवरच्या एकाने चंद्राचं चित्र मुद्दाम धूसर करून स्क्रीनवर लावलं आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला, तर फोनने त्यावर खड्डे भरून दिले. तिथेही ताडून पाहायला खरा चंद्र होता. इथे ताडून पाहायला या कागदावरचे सहा मिलिमीटर, एवढंच.

मी माझा फोटो तयार केला. चेहरा जेवढा खरा राहील तेवढाच मोठा, दोनेक इंचाचा, मऊ, थोडा धूसर. नथ नाही. हनुवटीवर रेघ. नाकाशी जो टाचणीच्या डोक्याएवढा भाग गेला होता तिथे शेजारची त्वचा ओढून घेतली. काउंटरवरचा मुलगा मागे उभा होता. म्हणाला, "म्हणजे बनवलं तुम्हीही." मी म्हणालो, टाचणीचं डोकं आणि अख्खा चेहरा यात फरक असतो. तो म्हणाला, "किती?" या पोराला कामात रस नाही, पण नको तिथे बरोबर बोट ठेवतो.

ताई मावशीला घेऊन आली. आईची धाकटी बहीण, सत्तरीची, काठी टेकत. आईला जवळून पाहिलेलं आता तेवढंच माणूस उरलेलं. मी मनात म्हटलं, आता निकाल लागेल. दोन्ही शेजारी ठेवले आणि कोणता कुणी केला ते सांगितलं नाही.

मावशींनी माझ्या फोटोकडे पाहिलं. चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं. "ही कोण आहे कळत नाही बाई," म्हणाल्या. मग अ‍ॅपच्या चेहऱ्यावर हात ठेवला. "हीच की गं. हीच आमची अक्का."

मी नथीचं सांगितलं, की तो बुरशीचा डाग आहे. "लग्नात नथ असणारच," त्या म्हणाल्या. वाद संपला. मग मी विचारलं, हनुवटीला काही लागलं होतं का?

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?" मग स्वतःच्याच हनुवटीवर नखाने तिरकी रेघ ओढली. "विहिरीच्या पायरीवर पडली होती. मीच ढकललं होतं. घरात कुणाला सांगितलं नाही तिने."

ताईला हे माहीत नव्हतं.

म्हणजे मावशींना खूण आठवत होती, बाजूसुद्धा बरोबर. आणि खूण नसलेल्या, नको ती नथ घातलेल्या चेहऱ्यालाच त्या ठामपणे बहीण म्हणत होत्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. आधी फोनवर तो चेहरा किती वेळा पाहिला होता, कोण जाणे. हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं नाही, पण तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाला विचारतो.

ताई म्हणाली, "दादा, मग ती खूण यात घाला." यात म्हणजे अ‍ॅपच्या चेहऱ्यात.

मी तिला सरळ सांगितलं. हा चेहरा तुमच्या आईचा आहे असं मी म्हणू शकत नाही. कपाळाची ठेवण आणि केसांचा भांग सोडला तर मूळ फोटोशी तो कुठे जुळतो ते मला दाखवता येत नाही. ती म्हणाली, "माहितीये. घाला."

घातली. आणि तेही वाटलं तसं सोपं नव्हतं. मूळ स्कॅनमध्ये ती रेघ थोड्याशा करड्या पिक्सेलची होती. मोठी केली तर डाग झाला. शिवाय मूळ फोटोत ऊन डोक्यावरचं, अ‍ॅपने उजेड डावीकडून टाकलेला. जुन्या जखमेची कड कुठे उजळेल आणि कुठे काळी पडेल ते या खोट्या उजेडाप्रमाणे ठरवायला हवं. मावशींना शेजारी बसवून घेतलं. "थोडी लांब. हां, वर नको, खाली." त्या सांगत गेल्या आणि मी काढत गेलो. झाल्यावर दोघी बराच वेळ गप्प होत्या. मला आवडलं नाही, पण खरं सांगतो: त्या खुणेने चेहऱ्यात जीव आला. तोपर्यंत ते तुकतुकीत चित्र होतं. आता ती कुणीतरी बाई होती.

प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलने लिहायची माझी पद्धत आहे. लिहिलं: 'चेहरा संगणकाने तयार केलेला. हनुवटीची खूण मूळ फोटोवरून व बहिणीच्या सांगण्यावरून.' गूगल स्वतःच्या चित्रांत सिंथआयडी नावाची न दिसणारी खूण पेरतं, तपासलं तर ती सापडू शकते. ताईच्या अ‍ॅपने कसलीच खूण ठेवली असेल असं वाटत नाही. तेव्हा पेन्सिलच. फ्रेमवाल्याने अर्थातच मागे पुठ्ठा ठोकून ती ओळ बंद केली. तो सगळ्यांच्याच मागे पुठ्ठा ठोकतो.

काउंटरवरच्या मुलाशी यावर अजून वाजतं. त्याचं म्हणणं, बहिणीने ओळखलं, मुलीला हवा होता, खूण खरी, आणखी काय पाहिजे? माझं म्हणणं, खूण खरी आहे हीच तर अडचण आहे. ती नसती तर पुढच्या कुणाला तरी कधीतरी शंका आली असती.

मध्यंतरी एक तरुण आला. मावशींचा नातू. फोनमध्ये फ्रेमचा फोटो, वर ट्यूबलाइटचा पट्टा. त्याला आजी आणि ही तिची बहीण, दोघी शेजारी बसल्यात असा एक फोटो करून हवा होता.

"हिचा मूळ फोटो आहे का?" मी विचारलं.

"हाच मूळ आहे. बघा ना, हनुवटीवर खूणसुद्धा आहे. आजीने पाडली होती तिला."

मी त्याला सगळं सांगितलं. समूह फोटो, बुरशी, अ‍ॅप, पेन्सिलची ओळ. त्याने नीट ऐकून घेतलं, मधे बोलला नाही.

"म्हणजे खूण खोटी आहे?"

"नाही. खूण खरी आहे."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि साइज विचारू लागला.