स्मर्फ संग्रह: तळव्यावरचं साल आणि खरं साल

या खेपेला नवीन तुकडे फारसे आले नाहीत. त्याऐवजी असलेल्या सगळ्या स्मर्फ्सच्या, म्हणजे कॉमिकमधल्या त्या बुटक्या निळ्या पात्रांच्या छोट्या मूर्तींच्या, नोंदी नव्याने लिहायला घेतल्या आहेत. वहीत पूर्वी 'साल' असा एकच रकाना होता. आता त्याचे तीन झालेत: तुकड्यावर छापलेलं साल, 'याच्या आधीचा असूच शकत नाही' आणि 'बहुधा याच्या आसपासचा'. तिसरा रकाना मी फक्त पेन्सिलने भरतो.

असं का, ते सांगतो. पायाखाली किंवा पाठीवर पेयो हे स्मर्फच्या बेल्जियन चित्रकाराचं नाव, कॉपीराइटची खूण आणि एक साल असतं. विक्रेते हेच साल तुकड्याचं वय म्हणून सांगतात. प्रत्यक्षात ते त्या डिझाइनच्या हक्काचं साल असतं. साचा एकदा पोलादात कोरला की त्यातून वर्षानुवर्षं माल निघत राहतो आणि प्रत्येक तुकडा तेच साल घेऊन बाहेर पडतो. पेयोंचे स्मर्फ 'स्पिरू' साप्ताहिकात पहिल्यांदा दिसले ते १९५८ मध्ये, आणि जर्मनीच्या श्वेबिश ग्म्युंडमधल्या श्लाइख कंपनीने त्यांच्या छोट्या पीव्हीसी प्लॅस्टिकच्या मूर्ती काढायला सुरुवात केली १९६५ मध्ये. तेव्हापासून लोकप्रिय पोझेस पुन्हा पुन्हा निघाल्या आहेत. छापलेलं साल एकच असलेल्या दोन पापा स्मर्फ्समध्ये दहा-पंधरा वर्षांचं अंतर सहज असू शकतं.

बाकीच्या खुणाही एकाच दिशेने बोलतात. युरोपात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर सीई (CE) ही सुरक्षा नियम पाळल्याची खूण आली ती १९९० पासून. म्हणजे सीई असलेला तुकडा त्याआधीचा नाही, हे पक्कं. पण उलट बाजू धरता येत नाही. 'वेस्ट जर्मनी' लिहिलेला तुकडा जर्मनीच्या एकीकरणाआधीचा, म्हणजे ऑक्टोबर १९९० च्या आधीचा, असं आपण सर्रास म्हणतो. साचा आधीचा, हे खरं. पण देशाचं नाव बदललं म्हणून त्याच दिवशी कोणी साचा पुन्हा कोरायला बसत नाही. थोडक्यात, छापील खूण खालची सीमा देते, म्हणजे तुकडा कधीच्या आधीचा नाही ते. वरची सीमा, म्हणजे कधीच्या नंतरचा नाही ते, साचा, प्लॅस्टिक आणि रंग यांच्याकडून काढून घ्यावी लागते, आणि मला या छंदातली खरी मजा तिथेच वाटते.

सध्या टेबलावर आहेत ते जोकी, म्हणजे हातात भेटीचा खोका घेतलेला खोडकर स्मर्फ. पिवळा खोका, त्यावर लाल रिबीन. सगळे शेजारी ठेवून भिंगातून पाहिले की फरक दिसायला लागतात. काहींची रिबीन खोक्याच्या चारही बाजूंनी रंगवलेली आहे, तर काहींची फक्त वरून आणि समोरून, मागे नुसता पिवळा. हे रंगकाम हाताने होत असे, त्यामुळे एखादा फटकारा चुकलेला असणं हे व्हेरिएशन, म्हणजे वेगळा प्रकार, नव्हे. मी माझ्यापुरता नियम ठेवला आहे: तोच फरक, त्याच खुणांसह, वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेल्या निदान दोन तुकड्यांवर दिसला तरच त्याला वहीत स्वतंत्र ओळ. एकुलता एक असेल तर शेरा लिहून थांबायचं. प्रत्येक सांडलेल्या थेंबाला 'दुर्मिळ फॅक्टरी एरर' म्हणण्याची जी लाट आहे, तिने नवीन संग्राहकांचं नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे.

साच्याची झीज मात्र खोटं बोलत नाही. बोटांमधल्या खाचा, टोपीची दुमड, कानाची आतली कड बघा. नव्या साच्यातून निघालेल्या तुकड्यात या कडा धारदार असतात. साचा वापरून झिजला की त्या गोल होत जातात आणि दोन भाग जुळतात तिथली रेघ जाड होते, कधी तिच्यावर प्लॅस्टिकची पातळ झालर राहते. एकाच साच्यातले तुकडे कडांच्या धारेनुसार ओळीत लावले की आधीचा कोणता, नंतरचा कोणता याचा बराच अंदाज येतो. जोकींच्या बाबतीत हा क्रम आणि सीई खुणेचा क्रम जुळला, आणि त्या संध्याकाळी फार आनंद झाला.

निळ्या रंगाबद्दल एक गोष्ट आवर्जून. माझ्याकडच्या घासलेल्या तुकड्यांवर टोपीच्या टोकाचा पांढरा रंग गेला की खालून निळं दिसतं. म्हणजे प्लॅस्टिकच निळं आहे, पांढरा वरून दिलेला. तेव्हा दोन स्मर्फ्सची निळी छटा वेगळी असेल तर ती प्लॅस्टिकच्या मिश्रणातली तफावत आहे, रंगाऱ्याच्या हातातली नाही. हाँगकाँगची खूण असलेले काही तुकडे दाबून पाहिले तर जर्मन तुकड्यांपेक्षा वेगळे लागतात, आणि वजनकाट्यावर एकाच पोझचे दोन तुकडे ग्रॅमच्या काही दशांशांनी मागेपुढे होतात. छटा पाहायची तर काखेत किंवा पायाच्या आतल्या बाजूला पाहावी. उघड्या भागावर ऊन आणि हात दोन्ही लागलेले असतात.

हाँगकाँगच्या खुणेला अमेरिकेची पार्श्वभूमी आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वॉलेस बेरी कंपनीने तिकडे स्मर्फ विकायला सुरुवात केली आणि १९८१ मध्ये हॅना-बार्बेरा या स्टुडिओची स्मर्फ कार्टून मालिका टीव्हीवर आल्यावर मागणी उसळली. अमेरिकेत आयात मालावर मूळ देश लिहिण्याची सक्ती १९३० च्या टॅरिफ कायद्यानुसार आहे. म्हणून या तुकड्यांवर वॉलेस बेरीचं नाव आणि देश दोन्ही मिळतात, आणि माझ्या वहीतली सगळ्यात स्वच्छ ओळ त्यांचीच असते. सत्तरच्या दशकाच्या मध्यात काही काळ बुली या दुसऱ्या जर्मन कंपनीनेही स्मर्फ काढले. तिची खूण असलेले तुकडे मी वेगळ्या खणात ठेवले आहेत, त्यांचा अभ्यास नंतर. काही तुकड्यांच्या पायाखाली रंगाचा ठिपका असतो, त्यासाठीही एक रकाना केला आहे: रंग कोणता, कोणत्या पायावर.

रिपेंट, म्हणजे नंतर कोणीतरी पुन्हा रंगवलेला तुकडा, ओळखण्यासाठी यूव्ही टॉर्च घेतला, तो उपयोगी पडतोय. मूळ रंग आणि नंतर भरलेला रंग अंधारात बहुतेक वेळा वेगवेगळे चमकतात. शिवाय भिंगाखाली नवा रंग जुन्या ओरखड्यात उतरलेला दिसतो. मूळ रंगावर ओरखडा असतो, ओरखड्यावर रंग नसतो.

जपणुकीचं थोडक्यात. चिकट झालेला तुकडा म्हणजे आतला प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारा पदार्थ) पृष्ठभागावर आला आहे. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, बस. ॲसिटोन जवळही आणू नका, रंग निघून येतो. थर्माकोलला टेकवून ठेवू नका. प्लॅस्टिसायझर त्यात शिरतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांऐवजी पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या. आणि सत्तरच्या दशकातल्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा हे तुकडे लहान मुलांच्या हातात नकोत.

पुढचा टप्पा सुपर स्मर्फ्सचा, म्हणजे सुटं सामान घेऊन येणारे, खोक्यातले. यांचे क्रमांक ४० ने सुरू होतात, साध्यांचे २० ने. अडचण अशी की सामान एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सहज जातं, त्यामुळे मूर्ती एका काळातली आणि तिचं सामान दुसऱ्या काळातलं असे जोड बाजारात भरपूर आहेत. मूर्ती आणि सामान यांच्या नोंदी म्हणून आता वेगवेगळ्या ओळींत जातील, आणि दोघांच्या खालच्या सीमा जुळल्या तरच मधे रेघ मारून त्यांना एक मानेन.