पुणे ते ओरछा आणि परत: माळवा-बुंदेलखंड स्वतःच्या गाडीने

माळवा आणि बुंदेलखंड एकाच फेरीत करायचं असेल तर तीनेक आठवडे हाताशी हवेत. नकाशा उघडला की दर गावाला एक मुक्काम टाकायचा मोह होतो, तो आवरा. रोज सकाळी बॅगा डिकीत कोंबायच्या म्हटलं की आठवड्याभरात घरचेच बोलेनासे होतात. आम्ही महेश्वर, भोपाळ आणि ओरछा इथे तळ ठोकला आणि आजूबाजूचं बरंचसं तिथूनच जाऊन-येऊन पाहिलं.

पुण्याहून नाशिक, धुळे, सेंधवा करत धामनोदला उजवीकडे वळलं की महेश्वर. अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर. रेटून एका दिवसात होतं, पण सेंधव्याआधीच्या बिजासन घाटात ट्रकच्या मागे अंधारात रांगत जाण्यापेक्षा धुळ्यात मुक्काम केलेला बरा.

महेश्वरला घाई नको. अहिल्याबाईंचा वाडा बघून घाट उतरलात की समोर नर्मदेचं रुंद पात्र. थंडीत पहाटे गेलात तर परिक्रमावासी भेटतात, त्यात मराठी बोलणारे हमखास. 'नर्मदे हर' म्हटलं की पुढची पाच मिनिटं गावाची चौकशी. हातमाग आवर्जून बघा. महेश्वरी साडीच्या काठावरचे 'ईंट', 'चटाई', 'हीरा' हे नमुने किल्ल्याच्या दगडी कोरीवकामावरून घेतलेत असं सांगतात. विणकर एकेक धागा बसवताना दिसला की साडीच्या किमतीवर घासाघीस करायची हिंमत होत नाही. निदान माझी झाली नाही. मोठी गाडी असेल तर किल्ल्याच्या गल्ल्यांत घालू नका, बाहेर लावून चाला.

इथून मांडू दिवसात होतं. जहाज महालापाशी सगळे जातात, रूपमतीचा महाल मात्र संध्याकाळसाठी ठेवा. रस्त्याकडेला गोरखचिंचेची फळं विकायला असतात, आतला पांढरा आंबट गर चोखून बघाच. दुसरा अर्धा दिवस रावेरखेडीला द्या. थोरल्या बाजीरावांचा शेवट 28 एप्रिल 1740 रोजी इथे, नर्मदेकाठी झाला. समाधीपाशी फारशी गर्दी नसते. वाटेत खाण्याची सोय बेताची, तेव्हा डबा बरोबर घ्या.

भोपाळहून सांची एका दिशेला, भीमबेटका दुसऱ्या. दोन्ही एका दिवसात उरकू नका. भीमबेटकाच्या गुहांतली आदिमानवाची चित्रं 1957 मध्ये वि. श्री. वाकणकरांनी उजेडात आणली. गाईड घ्या, नाहीतर निम्मी चित्रं नजरेतून सुटतात. सांचीचं संग्रहालय शुक्रवारी बंद. सांचीहून विदिशा हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या हेलिओडोरस या ग्रीक राजदूताच्या गरुडस्तंभाला गावकरी 'खांब बाबा' म्हणतात.

ओरछ्याच्या वाटेवर चंदेरीला एक रात्र राहा. ओरछ्यात रामाची पूजा राजा म्हणून होते, आणि रामराजा मंदिरात पोलीस खरोखरची सलामी देतात. आरतीच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून ठेवा, ऋतूप्रमाणे बदलतात. जहांगीर महालाच्या पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर खालच्या चौकातूनही पुष्कळ दिसतं. बेतवाकाठच्या छत्र्यांवर गिधाडं बसलेली असतात, दुर्बीण असेल तर न्या.

झाशी इथून अर्ध्या तासावर. ती उत्तर प्रदेशात येते आणि आम्ही गेलो तेव्हा तिथे पेट्रोल मध्य प्रदेशापेक्षा चांगलंच स्वस्त होतं, तेव्हा टाकी तिथेच फुल्ल करा. ग्वाल्हेर एका दिवसात होतं, पण डिसेंबर-जानेवारीत धुकं विरेपर्यंत गाडी काढू नका. खजुराहोबद्दल सगळ्यांनी लिहून ठेवलंय. मी एवढंच सांगेन की जाताना धुबेल्याला थांबा. तिथे छत्रसालांच्या नावाचं संग्रहालय आणि मस्तानी महाल आहे. सोमवार टाळा.

सूर्य मावळला की गाडी बंद, हा नियम आम्ही पाळला. गावांजवळचे गतिरोधक रंगवलेले नसतात, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागचा दिवा असेल याची खात्री नाही. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा, रोख थोडी जवळ असू द्या.

परतताना भोपाळ-खंडवा-बुऱ्हाणपूर असा रस्ता धरा. मुमताज महल 1631 मध्ये बुऱ्हाणपुरातच वारली. शाही किल्ल्यातल्या हमामाच्या छतावर रंगकाम अजून टिकून आहे. मावा जिलेबी गरमच खा, बांधून आणलेली घरी कुणी खाल्ली नाही. पुढे जळगावमार्गे अजिंठा लागतं. ते सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, तेव्हा बुऱ्हाणपूर सोडायचा वार आधी ठरवा आणि बाकीचा बेत त्यावरून मागे मोजत या.