बजेट कमी होतं, ते धरायचं की नाही?

"सर, गरिबीवरचा सिनेमा म्हटलं की तुम्ही एवढे कडक का होता?"

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं शॉर्टफिल्म करतात, कधीमधी मला परीक्षक म्हणून बोलावतात आणि निकालानंतर चहाच्या गाड्यावर हा प्रश्न येतोच. पाठोपाठ दुसरा: "पैसे नव्हते आमच्याकडं, ते तरी धरायचं की!" आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

पैसे नव्हते, हे मी धरतो. चित्र अंधारलेलं आहे, फोकस हलतोय, एकाच खोलीत घर आणि शाळा दोन्ही उरकलंय, याचे मार्क मी कधी कापत नाही. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' या बंगाली सिनेमाचं चित्रीकरण १९५२ साली सुरू झालं आणि पैसे संपले की थांबायचं. शेवटी पश्चिम बंगाल सरकारनं पैसे घातले आणि १९५५ साली सिनेमा लोकांसमोर आला. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी त्याआधी सिनेमाचा कॅमेरा चालवलेलाच नव्हता. पण त्यात मिठाईवाल्याचा प्रसंग आहे बघा. कावड घेऊन मिठाईवाला पुढे, मागून दुर्गा आणि अपू ही गरीब घरातली भावंडं, त्यांच्यामागं एक कुत्रं. घरात मिठाईला पैसा नाही. आमच्या पोरांनी इथं अपूच्या डोळ्यांवर कॅमेरा नेऊन ठेवला असता आणि मागं बासरी सोडली असती. राय यांनी ती वरात लांबून दाखवली, तळ्याच्या पाण्यातल्या प्रतिबिंबात दाखवली, आणि संगीत ठेवलं खेळकर. मुलांना आपण बिचारे आहोत हे ठाऊकच नसतं, त्यांना मिठाईवाल्याच्या मागं जायचं असतं. असं ठरवायला पैसे लागत नाहीत. म्हणून तिथं मी सूट देत नाही.

आमच्याकडच्या शॉर्टफिल्ममधलं गरीब पोर कसं असतं? गालाला कोळसा फासलेला, केस पिंजारलेले, शर्ट मुद्दाम फाडलेला. मी निपाणीत बिड्या वळणाऱ्या बाईच्या घरात वाढलोय. शाळेत जाताना आई डोक्यावर एवढं तेल थापायची की कपाळावर ओघळ यायचा. शर्ट एकच, पण रात्री धुऊन पितळी तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला. गरीब घरात लोकांना दिसणाऱ्या गोष्टींवर जास्त मेहनत घेतात. कोळसा फासणाऱ्या दिग्दर्शकानं असं एकही घर नीट बघितलेलं नसतं, आणि ते पहिल्या मिनिटाला कळतं.

मग काय बघावं? माझ्या मते हिशेब. आमच्या घरातल्या पोरांना भाव पाठ होते. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, मजुरी हजारावर. कारखान्यात माल तपासताना किती छाट, म्हणजे नापास बिड्या, निघणार, याचा अंदाज आईच्या आधी आम्हाला यायचा. कारण बिड्यांची तोंडं दुमडून बंद करायचं काम आमच्याच बोटांचं. पान नीट भिजलं नाही की दुमडताना फुटतं, आणि फुटलेली बिडी मजुरीतनं जाते. छाट जास्त निघाली त्या दिवशी शाळेच्या नव्या वहीचं नाव घरात काढायचं नाही, हे कुणी शिकवलं नव्हतं. मध्यंतरी एका शॉर्टफिल्ममध्ये असं पोर दाखवलं होतं. मांडीवर सूप, त्यात पानं, शेजारी कात्री. सगळं सामान बरोबर! पण पोराचे हात रिकामे, आणि ते दाराबाहेर बघत "मला शिकायचंय" म्हणतंय. अहो, त्याच्या हातात चार बिड्या द्या, तोंडं दुमडता दुमडता वहीची किंमत विचारू दे. तुमचा अख्खा संवाद त्यात येऊन जातो.

आवाजाचं दुखणं तर आणखी मोठं. बेळगावच्या वडगावातल्या एका विणकराच्या घरावर केलेली फिल्म होती. लूम, म्हणजे माग, चालू असलेल्या घरात माणसं ओरडून नाहीतर खुणांनी बोलतात, शेजारी पोर सुताच्या कांड्या भरत असतं. दिग्दर्शकानं लूमचा आवाज पूर्ण काढला आणि तिथं व्हायोलिन लावलं. का? तर, "सर, डायलॉग ऐकू येत नव्हते." ऐकू येत नाहीत, तीच तर त्या घरातली गोष्ट आहे! खडखडाटात पोरगी बापाला काहीतरी सांगतेय, बापाला ऐकू जात नाही, लूम थांबवला तर मजुरी बुडते. फुकटात मिळालेला प्रसंग यानं म्यूट केला.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त डुक्कर धरायला धावणारं कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत सुरू झाल्यावर जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर समोरून निघून जातं. तिथं रडणं नाही, भाषण नाही. नवख्यांना मी तो प्रसंग आवाज बंद करून आणि मग आवाजासह, असा दोनदा बघायला सांगतो.

भाषेचं थोडक्यात: खानापूरचं पोर घरात मराठी, बसमध्ये कानडी आणि मित्राला शिवी देताना दोन्ही एकदम बोलतं. त्याच्या तोंडी पुण्याची मराठी घातली की माझं पेन मार्क कापायला खाली येतं. काहींना हे खटकतं, खटकू दे.

आता बजेटचंच बोलायचं तर एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. तुमच्या फिल्ममध्ये जी मावशी बिड्या वळताना दिसते, तिला दिवसभर बसवून ठेवलंत, सारखं "परत एकदा, मावशी" म्हणालात, त्या दिवशी तिच्या हजार बिड्या झाल्या का? नसतील, तर बुडालेली मजुरी कुणी दिली? ड्रोनचं भाडं बहुतेकांच्या खर्चाच्या यादीत असतं. मावशी नसते. एका पोरानं मात्र, "सर, तिला आधीच दिले, नाहीतर ती बसलीच नसती," असं सांगितलं. त्याची फिल्म लांबली होती, शेवट फसला होता, तरी तिच्यातली बाई कॅमेऱ्याकडं न बघता निवांत काम करत होती. त्याला मी दुसरा नंबर दिला, आणि त्यावरूनही बाकीच्या परीक्षकांशी वाद झालाच.